पान सत्त्याण्णव ते एकशे बारा

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं खुशालीचं पत्र पोचलं. पाठ अजून दुखतेच आहे हे वाचून वाईट वाटलं, आणि वहिनी दोन वेळा शेकतात हे वाचून बरं वाटलं. इथे माझे गुडघे सोडले तर सगळं ठीक आहे, आणि गुडघ्यांचं मी कोणाला सांगत नाही.

आज मात्र काम काढून लिहिते आहे. आमच्या धुलाई कामगार संघटनेला यंदा तीस वर्षं होतात. नवे चिटणीस (वय अठ्ठावीस, उत्साह एकशे अठ्ठावीस) कचेरीत एक कपाट मांडणार आहेत, संघटनेच्या जुन्या माणसांना ज्या पुस्तकांनी घडवलं त्या पुस्तकांचं. मला विचारलं तेव्हा मी तीन सांगितली. एक शाळेचं भूगोलाचं, जे बाबांच्या बाइंडिंगच्या दुकानात नकाशांशिवाय आलं होतं. नद्यांची नुसती वर्णनं वाचून मला प्रश्न पडला होता की नदी असते तरी कोणाची. दुसरं बॉयलर तपासणीचं सरकारी नियमपुस्तक. कुठलाही नियम 'मात्र' या शब्दाच्या पुढे वाचायचा असतो हे मी त्यातून शिकले, आणि कंपनीच्या वकिलांना ते अजून महागात पडतं. तिसरं अर्थात ते जाडं पुस्तक, कामगार आणि पुढाऱ्यांवरचं, मी सतरा वर्षांची असताना तू स्वतः बांधून दिलेलं.

चिटणिसांनी ते जाडं पुस्तक वाचनालयातून आणून तीन दिवसांत वाचून काढलं. इथवर छान. पण परवाच्या बैठकीत करारावरून आमचं वाजलं. कंपनी आठवड्याची सुट्टी द्यायला तयार आहे, कारखान्यात डॉक्टर ठेवायला तयार आहे, बदल्यात पहिली पाळी सातऐवजी पाचला सुरू करायची. मुदत महिनाअखेरपर्यंत. चिटणीस म्हणाले, सही करून मोकळे होऊ. मी म्हटलं, आधी दोनशे बायकांना एकेकीला विचारा. आणि नेहमीसारखं सांगितलं की पुस्तकात सत्त्याण्णव पानावर लिहिलंय, अंथरुणाशी बसावे आणि दुखते कुठे ते रुग्णालाच विचारावे. त्यांनी शांतपणे सत्त्याण्णवावं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं. तिथे असं काहीही नाही. उलट लिहिलंय की पुढाऱ्याने विचारत बसू नये.

दादा, तीस वर्षं मी हे वाक्य सांगते आहे. दहा माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला तोंडात मारल्यासारखं झालं. पुढची बैठक सव्वीस तारखेला आहे. तिथे माझं म्हणणं पडलं तर बायकांना न विचारताच सही होणार. माझी प्रत तुझ्या कपाटात आहे, विटकरी कापडाच्या पाठीची. ती पाठव. माझ्या डोक्यानेच दगा दिला असेल तर तेही कळू दे, पण कळल्याशिवाय चैन पडणार नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, त्यात काटकसर करू नये ही विनंती.

तुझी,
डिंकी


९ फेब्रुवारी

चि. डिंकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. लहानपणी डिंकासारखी माझ्यामागे चिकटून असायचीस म्हणून हे नाव पडलं. आता छप्पन्न वर्षांची झालीस आणि एका पानाला चिकटून बसलीस. स्वभावाला औषध कुठून आणायचं?

इकडे हवा बरी आहे. माझा नवा चष्मा आला. त्यातून सगळं स्वच्छ दिसतं, त्यामुळे घरातली धूळही दिसते, आणि तसं बोललो तर घरात शांतता पसरते. तुझ्या वहिनीने बाहेरची खोली आत आणि आतली खोली बाहेर आणली आहे. मी भाजी आणायला गेलो होतो, परत आलो तर माझी खुर्ची सापडेना. विचारलं असतं तर नाही म्हटलं नसतं, पण तिची पद्धत तुला ठाऊक आहे. पाठ सकाळ-संध्याकाळ शेकली जाते.

पुस्तकाचं म्हणशील तर या हलवाहलवीत ते कुठे गेलं कोण जाणे. वाळवीनेही खाल्लं असेल. आणि खरं सांगू का, इतकी वर्षं संघटना चालवलेल्या बाईला पुस्तकाचा दाखला कशाला लागतो? तुला वाटतं ते सांग, लोक ऐकतील. वाचनालयातली प्रत वेगळ्या आवृत्तीची असू शकते. नाहीतर तुझ्या वाचण्यात दुसरंच काही आलं असेल. दुकानात तू वाटेल ते वाचायचीस.

गुडघ्यांना जप. तुझ्यावर माया आहे, ती पत्राच्या लांबीवरून मोजू नकोस.

तुझा,
दादा


१२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या दादांना न सांगता लिहिते आहे, म्हणून रागावू नका. तुमचं विटकरी पाठीचं पुस्तक हरवलं नाही आणि वाळवीनेही खाल्लं नाही. ते चार दिवस त्यांच्या उशीखाली आहे. दुपारी मी पडले आहे असं वाटलं की काढतात, मधलीच काही पानं वाचतात, सुस्कारा टाकतात, परत ठेवतात. कुठेतरी पाणी मुरतंय एवढं नक्की. अडतीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्यापासून काही लपवल्याचं मला आठवत नाही, कारण त्यांना ते जमतच नाही. आता जमायला लागलंय, तर मलाही उत्सुकता वाटणारच.

मी विचारून पाहिलं नाही. विचारत बसलं की काम होत नाही हे मी फार पूर्वी शिकले. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा दुकानाच्या कपाटात शुश्रूषेचं एक पुस्तक सापडलं होतं, त्यावरच मी सगळं निभावलं. त्यात स्पष्ट लिहिलंय: बुडणाऱ्याला विचारून कोणी दोर टाकत नाही. मधेच लेखक पुढारी, जमाव असं काहीतरी लिहीत सुटला आहे, पण मी समजले की उदाहरण देतोय. शिकलेल्या माणसांना तशी सवय असते. मुद्दा मात्र पटला, आणि अजून पटतो. यांना कधी विचारून काही ठरलंय का?

तर आज ते न्हाव्याकडे गेले असताना मी उशीखालून पुस्तक काढलं आणि या पत्रासोबत टपालात टाकते आहे. उघडून पाहिलं, पण पहिल्याच पानाला जांभई आली. काय गौडबंगाल आहे ते कळलं की मलाही कळवा.

आमच्यावरचा लोभ तुमच्या भाषणांसारखा लांबत जावा.

तुमची,
वहिनी


१७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पुस्तक मिळालं. कोणी पाठवलं ते तुला कळलंच असेल. उशीवर राग काढू नकोस.

आधी पान सत्त्याण्णव उघडलं. आणि सगळं तिथेच आहे, शब्दन्‌शब्द. अंथरुणाशी बसावे, उभे राहून बोलू नये. दुखते कुठे ते रुग्णालाच विचारावे व त्याला बोटाने दाखवू द्यावे. दर दोन तासांनी कूस बदलावी, अन्यथा पाठीस जखमा होतात. रुग्णासमोर तिसऱ्याशी कुजबुजू नये. ताप उतरला म्हणजे आजार गेला असे धरून चालू नये. वाचताना हसू आणि रडू एकदमच आलं.

तुला माहीत नसेल, पण माझी सगळी चळवळ या सोळा पानांवर उभी आहे. कारखान्यात मी पहिल्यांदा गेले तेव्हा सगळे म्हणत होते की इस्त्रीवाल्या बायकांना तास कमी हवेत. मी जाऊन त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले, तर साडी ओली झाली. तेव्हा कळलं की त्यांचं दुखणं तासांचं नव्हतं, त्या दिवसभर पाण्यात उभ्या असायच्या. पायाखाली लाकडी फळ्या मागितल्या आणि त्या पंधरा दिवसांत मिळाल्या. आमची संघटना त्या फळ्यांवर सुरू झाली. कूस बदलावी म्हणून आमचा अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलतो. कुजबुजू नये म्हणून कंपनीशी बोलणी दार उघडं ठेवून होतात. मला वाटायचं, काय लेखक आहे, समाजाला रुग्णाची उपमा देऊन किती साधेपणाने सांगतो.

आता मात्र तुझ्या बहिणीने बाइंडरच्या मुलीसारखं बघितलं. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. छापखाना तोच, वर्ष तेच, आवृत्ती तीच. शहाण्णव पानाची शेवटची ओळ दोन्हीकडे सारखी: 'म्हणून पुढाऱ्याने सर्वप्रथम'. पुढे वाचनालयाच्या प्रतीत 'निर्णय घ्यावा', आणि माझ्या प्रतीत 'अंथरुणाशी बसावे'. शिवाय या सोळा पानांत रुग्ण हा शब्द एकेचाळीस वेळा आहे आणि कामगार हा एकदाही नाही. उपमा द्यायची तर एवढी नाही देत कोणी. चाळीस वर्षं माझ्या हे लक्षात कसं आलं नाही?

दादा, हे पुस्तक तू बांधलंस. सुस्कारे कशाचे टाकतोस ते सरळ लिही. मला वाईट वाटेल म्हणून घाबरू नकोस. मला फक्त जाणून घ्यायचंय, आणि ते सव्वीसच्या आत.

लोभ मागत नाही या खेपेला, उत्तर मागते.

तुझी,
डिंकी


२१ फेब्रुवारी

चि. डिंकीस,
अनेक आशीर्वाद.

तू जिंकलीस. लिहितो.

एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापलेली असतात, तो घडी घातला की झाला एक फर्मा, हे तुला सांगायला नको. तळाशी फर्म्याचा बारीक क्रमांक. त्या आठवड्यात दुकानात दोन पुस्तकं एकदम बांधायला आली होती, तुझं ते जाडं आणि घरगुती शुश्रूषेचं एक. दोन्ही एकाच छापखान्याची, एकाच आकाराची, एकाच अक्षरांच्या खिळ्यांची. पानाच्या माथ्यावर पुस्तकाचं नाव छापायची चैन त्या छापखान्याला नव्हती. टेबलाभोवती फिरत फर्मे उचलताना सातव्या क्रमांकाच्या दोन्ही गठ्ठ्यांवरचा एकेक माझ्या कोपराने खाली पडला. मी उचलून ठेवले, ते उलटसुलट. लक्ष ठिकाणावर नव्हतं. आदल्याच दिवशी मी तुझ्या वहिनीला पहिल्यांदा भेटलो होतो.

बाबांच्या नियमाप्रमाणे मी प्रत्येक प्रतीचे क्रमांक तपासले. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळे बरोबर. पुस्तक चुकलं होतं आणि क्रमांक बरोबर होते. नंतर चाळताना ते दिसलं, पण तेव्हा दोन्ही प्रती शिवून, खळ लावून, पुठ्ठा चढवून झाल्या होत्या. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी सगळ्यांसमोर दोन्ही फाडून पुन्हा बांधायला लावल्या असत्या. मी गिऱ्हाइकांना दोन प्रती कमी भरल्या असं सांगितलं. एक तुला दिली, कारण तू पुस्तकापेक्षा फर्मेच जास्त वाचायचीस, तुला काय फरक पडणार असं वाटलं. दुसरी कपाटाच्या वरच्या फळीवर सरकवली.

तुझं नुकसान झालं असं मला कधीच वाटलं नाही. तुझं भाषण ऐकायला आलो की तू सत्त्याण्णव पानावर येण्याची मी वाट बघायचो. मनात हसायचो आणि अभिमानही वाटायचा. माझा घोर वेगळा होता.

ती दुसरी प्रत तुझ्या वहिनीच्या हाती लागली. आई आजारी पडल्यावर तिने वरच्या फळीवरून काढली. तिने आईचं जेवढं केलं तेवढं कोणी करत नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण विचारायचं सांगणारी सोळा पानं तुझ्याकडे होती आणि तिच्याकडे होती न विचारण्याची. आईच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही असं तिने ठरवलं आणि पलंग भिंतीकडे तोंड करून ठेवला. आई मला एकदा म्हणाली होती की खिडकीतून रस्ता दिसला असता तर बरं झालं असतं. मी तुझ्या वहिनीकडे बोललो नाही. बोललो असतो तर ती पुस्तक घेऊन आली असती, आणि मग ते कसं बांधलं गेलं तेही सांगावं लागलं असतं. आई दोन वर्षं भिंत बघत होती आणि मी गप्प बसलो. फर्मा चुकला ती चूक होती. हे चूक नव्हतं, हे मी केलं.

तुझं पुस्तक मागणारं पत्र आलं आणि हे सगळं वर आलं. बैठकीत तुला काय सांगायचं ते सांग, माझं नाव घेतलंस तरी चालेल. वहिनीला मात्र कळू देऊ नकोस.

तुझी माया कमी झाली तर समजून घेईन.

तुझा,
दादा


२७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माया कमी होणार नाही. रडले मात्र खूप, आईसाठी. ते लपवत नाही.

आता बैठकीचं. मी उभी राहिले आणि सरळ सांगून टाकलं की चिटणीस बरोबर आहेत, त्या पुस्तकात माझं वाक्य नाही. ते शुश्रूषेच्या पुस्तकातलं आहे आणि माझ्या भावाच्या कोपरामुळे माझ्याकडे आलं. आधी आमच्या खजिनदार बाई हसू लागल्या आणि मग कोणालाच आवरेना. चिटणिसांनीही चष्मा काढून डोळे पुसले. मग मी म्हटलं, लेखकाचा आधार गेला, पण लाकडी फळ्या अजून जागेवर आहेत, खाली जाऊन बघून या. सहा विरुद्ध पाच मतांनी बायकांना विचारायचं ठरलं. सहावं मत चिटणिसांचं होतं. नंतर म्हणाले की त्यांना फळ्यांचं माहीत नव्हतं.

कालपासून आम्ही जमिनीवर बसून विचारत आहोत. तुला सांगते, माझाही फुगा फुटला. पाचच्या पाळीला बायका नकोच म्हणणार याची मला इतकी खात्री होती की मी उत्तर आधीच मनात लिहून ठेवलं होतं. पण बहुतेकींना पाच हवंच आहे, मुलं शाळेतून यायच्या आत घरी पोचता येतं म्हणून. त्यांची तक्रार डॉक्टरच्या खोलीची आहे. ती मॅनेजरच्या काचेच्या केबिनला लागून आहे. तिथे कोणती बाई तपासून घेणार? खोली मागच्या अंगाला हलवली की करार मंजूर. हे आम्हा अकरांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी इतकी वर्षं विचारा विचारा सांगत होते आणि या वेळी स्वतः न विचारताच भांडत होते.

वहिनींना मी कळवणार नाही. 'बुडणाऱ्याला विचारून कोणी दोर टाकत नाही' हे त्यांनी मला लिहिलं होतं, आणि वाचनालयाच्या प्रतीत तेच वाक्य मला सत्त्याण्णव पानावर सापडलं. पण ते तूच सांगायला हवंस. त्या रागावतील, तर रागावू देत. त्यांना वाईट वाटणार नाही हे परस्पर ठरवण्याचा अधिकार तुला नाही, आणि वाईट वाटेल हे ठरवण्याचाही नाही.

म्हणून यासोबत सातवा फर्मा पाठवते आहे. बाबांच्या पद्धतीने धागा कापून अलगद काढलाय, एकही पान दुखावलेलं नाही. मला तो पाठ आहे. तुझी सुई अजून असेल तर ज्या पुस्तकातला आहे त्यात शिव.

लोभ पूर्वीइतकाच, आणि थोडा धाक.

तुझी,
डिंकी


८ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

त्यांनी सांगितलं. मंगळवारी दुपारी सुई, मेणाचा धागा आणि माझं शुश्रूषेचं पुस्तक घेऊन समोर बसले आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलं. मी दोन दिवस बोलले नाही. रागावले त्यांच्यावर, खोटं का बोलू. फर्म्यासाठी नाही, आईंचं ते एक वाक्य पोटात ठेवलं त्यासाठी. मला कोणी सांगितलं असतं तर पलंग वळवायला काय लागत होतं? दोन माणसं आणि पाच मिनिटं. मग माझाच राग आला. सांगायला कशाला हवं होतं, मी विचारायला हवं होतं. त्या जागी आता पलंग नाही, तरी मी खुर्ची घेऊन भिंतीकडे तोंड करून बसले. अर्ध्या तासात जीव घाबरला. ही खंत आता माझ्याबरोबर राहणार, आणि राहावी असंच मला वाटतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी शिवलेलं पुस्तक उघडलं आणि तुमची सोळा पानं वाचली, म्हणजे माझी. मग म्हटलं, करून तर बघू. यांच्या अंथरुणाशी बसले, उभी राहिले नाही, आणि विचारलं की दुखतं कुठे. मग बोटाने दाखवलं. वन्सं, पाठ नाही हो, उजवा खांदा. तीन वर्षं झाली. म्हणाले, तू पाठ शेकायला लागलीस, आणि तुझा हात लागत होता, मग मी म्हटलं असू दे. मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. आता खांदा शेकते.

तुमच्या जाड्या पुस्तकाचा खरा फर्मा यासोबत पाठवते आहे. मी त्याच्यावर अडतीस वर्षं संसार केला, तो अगदीच टाकाऊ नाही. खुर्च्या हलवायला बरा आहे. शिवायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

एक राहिलं. तुमची सगळी पत्रं परवा पुन्हा वाचली. गुडघ्यांचं कोणाला सांगत नाही असं पहिल्याच पत्रात लिहिलं आहे. तुम्ही इतकी वर्षं दोनशे बायकांशेजारी जमिनीवर बसून विचारत आलात, आणि उठताना हात द्यायला घरी कोणी नाही, हे माझ्या आजवर लक्षात आलं नाही. तुम्हाला इकडे आणायचं मी परवाच ठरवून टाकलं होतं, खोलीही रिकामी केली. मग थांबले. तर आता शेजारी बसल्यासारखं समजा आणि बोटाने दाखवा. दुखतं कुठे?

लोभ असो, आणि या वेळी उत्तर खरं असो.

तुमची,
वहिनी